टर्बोचा आवाज बदलला? टर्बो उतरवण्याआधी पाईप तपासा

बेळगावजवळचा वंटमुरी घाट चढताना डिझेल कारमधून १५०० ते २५०० आरपीएमच्या दरम्यान बारीक शिट्टी ऐकू येते, ती टर्बोची, म्हणजे इंजिनच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणाऱ्या पंख्याची. ती असणारच. छोट्या कारच्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो आणि त्या वेगात पाती हवा कापतात. ही शिट्टी किती ऐकू येईल ते टर्बोचा आकार, एअर फिल्टरचा डबा, इनटेकचा (हवा आत घेणाऱ्या वाटेचा) आवाज दाबणारा रेझोनेटर आणि सायलेन्सर यांवर ठरतं. त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीशी तुलना करण्यात अर्थ नाही. आपल्या गाडीचा नेहमीचा आवाज कानात बसलेला असला, की तो बदलल्याचं लगेच कळतं.

आवाज ऐकायचा तो इंजिन गरम झाल्यावर. एसी, पंखा, गाणी बंद करा, काचा खाली घ्या आणि एका बाजूला भिंत किंवा डोंगराची कड असलेला मोकळा चढ निवडा, म्हणजे आवाज परत कानावर येतो. तिसऱ्या गिअरमध्ये १५०० पासून ॲक्सिलेटर दाबत ३००० पर्यंत जा आणि पाय काढा. आवाज ओढताना येतो, पाय काढल्यावर येतो, की गाडी उभी असतानाही येतो, हे गॅरेजमध्ये नीट सांगितलं तर निम्मं निदान तिथंच होतं.

ओढताना ‘फस्स’ असा आवाज, मागे काळा धूर आणि पिकअप गेलेला, असं एकत्र दिसलं तर आधी हवेची गळती शोधा. टर्बोपासून इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इनटेक मॅनिफोल्डपर्यंतचा (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) पाईप पूर्ण बघा. तो फाटतो बहुतेक खालच्या वळणावर किंवा ब्रॅकेटला घासतो तिथं, म्हणजे वरून बॉनेट उघडून दिसत नाही अशाच जागी. इंटरकूलरला दगड लागून कोपरा उसवलेलाही असतो. पाईपमध्ये तेलाचा पातळ थर असणं चालतं. बाहेरून तेल-धुळीचा ओला डाग दिसला तर गळती तिथंच आहे.

इंजिन आयडलवर ठेवून साबणाचं पाणी मारण्यात वेळ घालवू नका. आयडलला बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, जवळजवळ नसतोच, त्यामुळे फुगे येत नाहीत आणि पाईप चांगला आहे असं वाटून टर्बोचा खर्च गळ्यात पडतो. बाहेरून दाब द्यावा लागतो. इंजिन बंद आणि थंड असताना टर्बोच्या तोंडावरचा इनटेक पाईप काढा. त्या मापाचं बूच बसवा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुठल्याही लेथवर नायलॉनचं करून मिळेल, त्यात टायरचा व्हॉल्व्ह बसवून घ्या. ब्रीदरची (इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर काढणारी) नळी त्याच वाटेत येत असेल तर ती सोडवून तोंड बंद करा, नाहीतर दाब क्रँककेसमध्ये (इंजिनच्या पोटात) जाऊन ऑइल सील सुटतात. कॉम्प्रेसरला रेग्युलेटर लावून त्या व्हॉल्व्हमधून ०.५ बारने सुरुवात करा. १ बारच्या वर जाऊ नका. बुचासमोर तोंड नेऊ नका, ते उडतं. आता जोडांवर साबणाचं पाणी मारा. इंजिनच्या आत थोडी हवा सरकल्याचा आवाज येईल, तो सोडून द्या, फुगे बघा.

क्लिप बसवताना पाईपचं आतलं तेल आधी ब्रेक क्लीनरने पुसा. स्क्रूची क्लिप गच्च आवळली तर रबर कापलं जातं. तेलाने फुगलेला पाईप बदलायचाच. त्यावर टेप किंवा एम-सील पहिल्या घाटापर्यंतही टिकत नाही.

थंड इंजिनला ‘टकटक’ येते आणि गरम झाल्यावर कमी होते, तेव्हा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारा भाग) आणि टर्बोमधलं गास्केट बघा. शेजारी काजळीचा काळा पट्टा असतो. आयडलला किंवा पाय काढताना पत्रा वाजल्यासारखा खडखडाट आला तर वेस्टगेटचा (जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेचा) दांडा ढिला झालेला असू शकतो.

शिट्टीचा सायरन झाला की मात्र गाडी चालवू नका. शाफ्टचा तोल गेलेला असतो किंवा पाती टर्बोच्या बाहेरच्या कवचाला घासत असतात. थंड इंजिनवर टर्बोचं तोंड उघडून मधला नट बोटांनी धरा. बाजूला किंचित हालचाल चालते, कारण बेअरिंगमध्ये तेलाच्या थराला जागा ठेवलेली असते. आत-बाहेर हालचाल हाताला जाणवता कामा नये. सायरनसोबत निळा धूर असेल तर धोका मोठा: सील गेलेल्या टर्बोतून तेल इनटेकमध्ये येऊन डिझेल इंजिन चावी बंद करूनही पळत राहू शकतं. मॅन्युअल गाडी असेल तर वरचा गिअर टाका, ब्रेक दाबून धरा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा.

टर्बो बदललाच, तर टर्बोला तेल पुरवणारा ऑइल फीड पाईप, ऑइल आणि ऑइल फिल्टरही बदला, इंटरकूलरमधलं तेल काढा. कार्बनने तुंबलेला जुना फीड पाईप ठेवला तर नवा टर्बोही कोरडा फिरून जातो.

खानापूरच्या लाल मातीत आणि उसाच्या हंगामात एअर फिल्टर दर ५,००० किमीला उघडून बघा. तुंबलेल्या फिल्टरने शिट्टी तीक्ष्ण होते. फाटलेल्या फिल्टरमधून गेलेली धूळ पात्यांच्या कडा खाते.

पेट्रोल टर्बोत पाय काढल्यावर नवीनच फुरफुर सुरू झाली तर बायपास व्हॉल्व्हचा (पाय काढल्यावर साठलेला दाब इनटेकमध्ये परत सोडणाऱ्या झडपेचा) पडदा तपासा. हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह आत येणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरच्या गाडीला लावू नका. मोजलेली हवा बाहेर गेल्यावर मिश्रणात पेट्रोल जास्त होतं आणि गाडी झटके देते. सायलेन्सरमध्ये बसवायची शिट्टी तर टर्बोला काहीच करत नाही, उलट खरा आवाज झाकते, आणि आवाजाची मर्यादा ओलांडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली दंड होतो.

गोव्याहून चोर्ला चढून कणकुंबीला थांबलात तर लगेच चावी फिरवू नका. मिनिटभर आयडलवर ठेवा, म्हणजे तापलेल्या बेअरिंगमध्ये तेल जळत नाही. सकाळी चालू केल्याबरोबर रेस करू नका. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच ग्रेडचं घ्या. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ डिझेलला कमी राखेचंच लागतं.