दुष्टतेबद्दल वाचताना हातात पेन्सिल ठेवा

या विषयाची सुरुवात व्याख्यांनी करू नका. मी अभ्यासगटात बरीच वर्षं हे वाचून घेते. व्याख्या आधी दिली की सगळे माना डोलावतात आणि गाडी तिथेच अडते. आधी एक कागद घ्या.

मी वानझे बैठकीचं इतिवृत्त घेते, म्हणजे ज्यूंच्या संहाराची जुळवाजुळव करणाऱ्या नाझी बैठकीचं. २० जानेवारी १९४२, बर्लिनमधला तळ्याकाठचा बंगला, पंधरा अधिकारी. इतिवृत्त तयार केलं नाझी अधिकारी आइखमनने. ३० प्रतींपैकी १६ क्रमांकाची तेवढी हाती लागली. त्यात ज्यूंची देशवार यादी आहे, बेरीज १ कोटी १० लाखांच्या वर. 'ठार मारणं' कुठेच नाही, 'पूर्वेकडे स्थलांतर' आहे. सक्तमजुरीत मोठा भाग 'नैसर्गिक घटीने' गळेल, असंही आहे.

आता प्रत्येक 'करण्यात येईल'खाली रेघ मारा आणि समासात लिहा: कोण? कोणाला? कशाने? 'नैसर्गिक घट' म्हणजे कोणीतरी कोणाचं तरी अन्न तोडणार. पहिल्यांदा हे लिहिताना माझा हात थांबला होता. घाई करू नका, एका पानाला एक संध्याकाळ द्या.

मगच तत्त्वज्ञ हाना आरेंट वाचा. आइखमनवरच्या १९६१च्या खटल्यात तिला दिसला तो दुसऱ्याच्या जागी उभं राहून विचार न करणारा माणूस. 'प्रत्येकात एक आइखमन असतो' हे तिचं म्हणणं नव्हे. ते तिच्या माथी मारू नका. आणि तिच्यापाशी थांबूही नका. १९५७ साली अर्जेंटिनात ध्वनिमुद्रित झालेल्या मुलाखतींत हाच माणूस काम अपुरं राहिल्याची खंत करतो. म्हणजे तो विचार करत होता, आणि त्याला ते हवं होतं. तत्त्वज्ञ कान्टची १७९३ची मूळगामी दुष्टता इथे उपयोगी पडते: नैतिक नियम माहीत असूनही स्वार्थाला वरची जागा देणं.

खरी कसोटी पुढे आहे. ज्यांचं ध्येय तुम्हाला आपलं वाटतं, त्यांच्या हिंसेवरही हीच पेन्सिल चालवा. १९०५, मॉस्को. झारचा काका ग्रँड ड्यूक सर्गेई याच्या गाडीत मुलं दिसली म्हणून क्रांतिकारक कालियायेवने बॉम्ब टाकला नाही. गटात इथे सगळे सुस्कारा सोडतात, मीही सोडत असे. दोनच दिवसांनी त्याने बॉम्ब टाकला. सर्गेई जागीच ठार झाला आणि जखमी गाडीवानही नंतर दगावला. समासात त्या गाडीवानासाठी जागा सोडा.