मुष्टियुद्ध खरोखर किती अटीतटीचे झाले, हे कसे ठरवावे

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील प्रेक्षकांची नजर निकाली कुस्तीवर तयार झालेली असते. आनंदवाडीच्या आखाड्यात पाठ मातीला लागली की निकाल लागतो, नाहीतर पंच जोड बरोबरीत सोडवतात. त्यामुळे गुणांवर सुटलेल्या गाजलेल्या मुष्टियुद्धांविषयी तालमीच्या कट्ट्यावर बोलणे निघाले की सगळा वाद ‘कोण जिंकायला हवा होता’ या एका मुद्द्यापाशी अडकून पडतो. लढत किती फरकाची होती हा प्रश्न त्याहून वेगळा आहे आणि माझ्या मते अधिक मोलाचा आहे. तो सोडवायचा असेल तर वही घेऊन ती लढत फेरीगणिक पुन्हा पाहिली पाहिजे.

आधी गणित पक्के करावे. आजच्या व्यावसायिक लढतीत प्रत्येक फेरी जिंकणाऱ्याला 10 आणि हरणाऱ्याला बहुधा 9 गुण मिळतात. कोणी खाली पडला तर त्याला साधारणपणे 8 मिळतात. म्हणजे कोणी पडलेले नसताना 12 फेऱ्यांची लढत 115-113 अशी सुटली, तर ती सात-पाच फेऱ्यांची असते, आणि 118-110 म्हणजे दहा-दोन. एक फेरी इकडची तिकडे गेली की फरक दोन गुणांनी बदलतो, हे ध्यानात ठेवले तर निम्मे वाद तिथेच मिटतात.

त्यानंतर वहीत प्रत्येक फेरीपुढे केवळ विजेत्याचे नाव न लिहिता ती फेरी स्पष्ट होती, निसटती होती, की कोणालाही देता आली असती, हेही लिहावे. लढतीचा खरा फरक या शेवटच्या प्रकारच्या फेऱ्यांत दडलेला असतो. तुमच्या वहीत पाच फेऱ्या एकाकडे स्पष्ट, चार दुसऱ्याकडे स्पष्ट आणि तीन कोणालाही देता येण्याजोग्या असतील, तर 8-4 पासून 5-7 पर्यंतचा कोणताही निकाल प्रामाणिक असू शकतो, आणि अशा लढतीला निःसंशय अटीतटीची म्हणावे. हा पल्ला ओलांडून गेलेले पंचाचे गुणपत्रक मात्र जरूर तपासावे.

याचा उत्तम नमुना म्हणजे 6 एप्रिल 1987 रोजी लास व्हेगासला झालेली मार्विन हॅगलर आणि शुगर रे लेनर्ड यांची लढत. एका पंचाने लेनर्डला 115-113, दुसऱ्याने तेवढ्याच गुणांनी हॅगलरला आणि तिसऱ्याने लेनर्डला 118-110 असे विजयी ठरवले. म्हणजे एकाच लढतीत लेनर्डला कोणी पाच, तर कोणी दहा फेऱ्या दिल्या. ही लढत पाहताना फेरीच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटाकडे विशेष लक्ष द्यावे. लेनर्ड त्या वेळी भराभर ठोसे मारून फेरी आपल्या नावावर करू पाहतो, तर हॅगलर आधीच्या अडीच मिनिटांत पुढे सरकत असतो, पण त्याचे अनेक ठोसे हवेत जातात. पुढे सरकणे म्हणजे गुण मिळवणे नव्हे, तसेच शेवटची धांदल म्हणजे पूर्ण फेरी नव्हे. म्हणून फेरी दोनदा पाहावी, आणि त्यातील एकदा आवाज बंद ठेवून; समालोचक आणि गर्दी हवेतल्या ठोशालाही दाद देतात, आणि ती दाद नकळत आपल्या वहीत उतरते.

नॉकआउटने संपलेल्या लढतींत गुणपत्रक आणि प्रत्यक्ष लढत ही दोन वेगवेगळी खाती मांडावीत. 11 फेब्रुवारी 1990 रोजी टोकियोत बस्टर डग्लसने माईक टायसनला दहाव्या फेरीत लोळवले. तोपर्यंतच्या नऊ फेऱ्यांत एका पंचाकडे टायसन 87-86 असा पुढे होता, दुसऱ्याकडे 86-86 अशी बरोबरी होती आणि तिसऱ्याकडे डग्लस 88-82 असा पुढे होता. आठव्या फेरीत डग्लस पडला होता हे खरे. तरीही त्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, पहिल्या फेरीपासून टायसनच्या तोंडावर बसत होता, हे पाहिलेला माणूस पहिल्या दोन पत्रकांना मान डोलावणार नाही. त्यानंतर सुमारे महिनाभराने, 17 मार्चला, नेमके उलटे घडले. मेल्ड्रिक टेलर दोन पत्रकांवर 107-102 आणि 108-101 असा पुढे होता, पण ज्युलिओ सेझार चावेझच्या माऱ्याने तो इतका मोडला होता की बाराव्या फेरीची दोन सेकंदे उरली असताना रिंगमधल्या पंचांनी लढत थांबवली. कागदावर एकतर्फी आणि शरीरावर भलतीच, अशा लढतीचे वर्णन एका शब्दात करण्याचा आग्रह धरू नये.

हौशी मुष्टियुद्धात आणखी एक मेख असते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये मेरी कोमने तीनपैकी दोन फेऱ्यांत पाचपैकी तीन पंचांची मते मिळवली आणि तरीही ती इंग्रित व्हॅलेन्सियाकडून 3-2 अशी हरली, याचा आपल्याकडे अजूनही संताप होतो. परंतु प्रत्येक पंचाची बेरीज स्वतंत्र असते, आणि पहिली फेरी पाचपैकी चार पंचांनी व्हॅलेन्सियाला दिली होती. तिन्ही फेऱ्यांतील 15 मते मोजली तर आठ व्हॅलेन्सियाची आणि सात मेरीची होतात. लढत अत्यंत चुरशीची होती असे ठामपणे म्हणता येते. अन्याय झाला असे म्हणायचे असेल, तर पहिल्या फेरीविषयी बोलावे लागेल.

म्हणून वादाला बसताना समोरच्याला आधी विचारावे, ‘कुठली फेरी?’ फेरीचा आकडा न सांगता ‘पंच विकले गेले’ किंवा ‘नुरा कुस्ती होती’ असे म्हणणाऱ्याशी पुढे बोलण्यात अर्थ नसतो, कारण विचित्र गुणपत्रक हा लबाडीचा पुरावा नव्हे.

सरावासाठी 8 मार्च 1971 ची महंमद अली आणि जो फ्रेझर यांची 15 फेऱ्यांची लढत घ्यावी. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा फेऱ्या मोजल्या जात, आणि फ्रेझरला 9-6, 11-4 व 8-6-1 (एक फेरी बरोबरीत) असा कौल मिळाला. शेवटच्या फेरीत डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, अली खाली गेला, तरी त्या पद्धतीत ती एकच फेरी धरली गेली. आधी फेऱ्या मोजून आणि मग दहा गुणांच्या पद्धतीने तीच लढत मांडावी, आणि दोन्ही बेरजा शेजारी ठेवून मगच कट्ट्यावर जावे.