बांगड्याच्या डोक्यातला खडा

दोन बंदरांवरचे बांगडे एकाच समूहातले की वेगवेगळ्या, हे त्यांच्या डोक्यातल्या खड्यावरून तपासायचं आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर नमुने घ्यायला गेलात की पहिला प्रश्न एकच: जाळं कुठं टाकलं होतं? "समुद्रात" एवढंच उत्तर आलं तर ते बांगडे घरी न्या आणि तिखलं करा, प्रयोगशाळेत आणू नका. प्रत्येक माशामागे ठिकाण, तारीख, लांबी आणि वजन लिहिलेलं हवं. मासे साधारण एकाच वयाचे आणि एकाच हंगामातले घ्या. नाहीतर पुढं फरक दिसला, तरी तो जागेचा की वाढीचा हे कळत नाही.

आपल्याला हवा असतो कानातला खडा, ओटोलिथ. अशा तीन जोड्या असतात. बहुतेक माशांत सॅजिटा सर्वांत मोठा, आपण तोच काढतो. हा खडा कॅल्शियम कार्बोनेटचा. मासा वाढतो तसे त्यावर थर चढत जातात आणि हाडासारखे ते पुन्हा विरघळून वापरले जात नाहीत. पाण्यातलं थोडं स्ट्रॉन्शियम, थोडं बेरियम त्या त्या थरात अडकून राहतं. मधला गाभा जन्माच्या वेळचा, कडा पकडल्या दिवसाची.

बांगड्याचा खडा बारीक आणि ठिसूळ. म्हणून हात बसेपर्यंत ढोम्यावर सराव करा, त्याचा खडा चांगला ठसठशीत असतो. डोळ्यांच्या वरून कवटीचं झाकण आडवं कापा, मेंदू हलकेच बाजूला सारा; त्याच्या खाली मागच्या बाजूला दोन पिशव्यांत दोन खडे सापडतील. कवटीला सुरी चालेल, खड्याला मात्र प्लॅस्टिकचाच चिमटा. भोवतीची पातळ त्वचा काढून अतिशुद्ध पाण्यात धुवा, वाळवा आणि स्वच्छ प्लॅस्टिकच्या कुपीत ठेवा. डावा की उजवा हे आधी ठरवा आणि शेवटपर्यंत तोच वापरा.

फॉर्मॅलिनपासून दूर राहा. पहिल्या वर्षी मी हौसेनं अख्खे मासे त्यात बुडवून ठेवले. फॉर्मॅलिन आम्लधर्मी असतं, हे पुस्तकात वाचलेलं होतं बरं का! दोन महिन्यांनी डोकी उघडली तर आत खडूच्या भुकटीसारखं काहीतरी. तेव्हापासून बर्फ, मग डीप फ्रीझर.

खडा इपॉक्सी राळेत बसवून, गाभा उघडा पडेपर्यंत घासा. दर थोड्या वेळानं सूक्ष्मदर्शकाखाली बघा; गाभा ओलांडून गेलात की तो मासा गेला. मग लेझरवाल्या आयसीपी-एमएस यंत्रावर (कुठलं मूलद्रव्य किती, ते मोजणारं यंत्र) गाभ्यापासून कडेपर्यंत लेझरनं रेघ मारायची. यंत्र बहुधा आपलं नसतं, तासाच्या हिशोबानं मिळतं, तेव्हा सगळे खडे एका दमात न्या. आकडे कॅल्शियमच्या प्रमाणात मांडा आणि मधूनमधून प्रमाण काच (जिच्यातली मूलद्रव्यं आधीच माहीत आहेत ती) मोजत राहा, कारण दिवसभरात यंत्राचे आकडे सरकतात. जस्त, तांबं यांवर फार विसंबू नका. हाताळताना तेच आधी चिकटतात.

नदीच्या मुखाशी बेरियम साधारण वाढतं, खाऱ्या पाण्यात स्ट्रॉन्शियम. उघड्या समुद्रात मात्र पाणी सगळीकडे जवळपास सारखंच, तिथं हे फरक पुसट होतात. अटलांटिकमधल्या ब्लूफिन ट्यूनासाठी म्हणून ऑक्सिजनचे समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्याचे हलके-जड प्रकार, कामी आले. भूमध्य समुद्रात बाष्पीभवन जास्त, त्यामुळे तिथल्या पाण्यात जड ऑक्सिजन अधिक, आणि तिथं जन्मलेल्या पिल्लांच्या गाभ्यातही. व्यवस्थापनासाठी पूर्व आणि पश्चिम समूहांमध्ये ४५ अंश पश्चिम रेखांशावर सीमा आखलेली, आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावर पकडलेल्या कित्येक ट्यूनांचा गाभा भूमध्याचा निघाला! हे जमलं कारण दोन्ही जन्मभूमींची (भूमध्य समुद्र आणि मेक्सिकोचं आखात) पिल्लं आधी मोजून ठेवली होती. तुम्हीही मोठ्या माशांआधी, कुठली ते पक्कं माहीत असलेली पिल्लं मोजा. शक्यतो त्याच वर्षी जन्मलेली, कारण पाणीही वर्षागणिक बदलतं.

आणि दोन बंदरांचे ठिपके आलेखावर एकमेकांवर पडले, तर "समूह एकच" असं लिहू नका. लिहा की या मूलद्रव्यांवरून फरक दिसला नाही. दोन वेगळे समूह सारख्याच पाण्यात वाढलेले असू शकतात. त्यांचं नातं खडा सांगत नाही. त्यासाठी त्याच माशाच्या पराचा एक तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवलेला बरा, डीएनएवाल्यांना द्यायला.