टप काढून गाडी चालवावी का? मुंबईतल्या हार्डटॉप मालकांसाठी

हार्डटॉप, म्हणजे कडक टपाची, स्पोर्ट्स कार टप काढून मुंबईत चालवावी का, हे गाडीच्या किमतीवरून किंवा मालकाच्या हौसेवरून ठरत नाही. टप निघावा अशीच गाडीची मूळ रचना आहे का, आणि काढलेला टप त्या वेळात कुठे राहणार, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावी लागतात. पहिल्याचे उत्तर नकारार्थी असेल तर पुढे विचार करण्यासारखे काही उरत नाही. दुसऱ्याचे उत्तर ‘घरी’ असे असेल, तर निघण्यापूर्वीच त्या फेरीचा पूर्ण विचार करावा लागतो, कारण वरळीला आभाळ भरून आले म्हणून टप बोरिवलीहून चालत येत नाही.

टपाचा प्रकार

माझ्दा एमएक्स-५ सारख्या गाड्यांचा हार्डटॉप हा स्वतंत्र, उचलून बाजूला ठेवायचा भाग असतो. ती गाडी मुळात उघडी म्हणूनच घडवलेली असते, त्यामुळे टप काढल्याने तिच्या सांगाड्याला धोका नसतो. खरा प्रश्न असा की खाली घडी करून ठेवलेला कापडी टप आहे का. काही मालक वजन वाचवण्यासाठी किंवा जागा मिळावी म्हणून तो काढून टाकतात, आणि जुनी गाडी विकत घेणाऱ्याला हे पहिल्या सरीपर्यंत कळतही नाही. काही गाड्या तर कारखान्यातूनच तशा आल्या आहेत. मर्सिडीजच्या १९६३ ते १९७१ या काळातल्या ‘पॅगोडा’ एसएलचा १९६७ पासून ‘कॅलिफोर्निया कूपे’ नावाचा एक प्रकार मिळत असे, ज्यात मागे छोटी सीट होती, हार्डटॉप निघत होता आणि कापडी टप मात्र नव्हताच. अशी गाडी टप काढून बाहेर नेणे म्हणजे परत येईपर्यंत डोक्यावर काहीही नसणे, हे गृहीत धरूनच निघावे.

दुसरा प्रकार टार्गाचा, ज्यात मागचा जाड कमानीसारखा भाग कायम राहतो आणि फक्त डोक्यावरचा तुकडा निघतो. पोर्शेने ९११ टार्गा १९६५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडली, तेव्हा अमेरिकेत उघड्या गाड्यांवर सुरक्षेच्या कारणाने बंदी येईल अशी भीती होती, आणि ती कमान त्याच भीतीतून आली. शेव्हरोले कॉर्व्हेटच्या १९८४ च्या पिढीची कथा याहून बोलकी आहे. तिच्या टपाच्या मधोमध पुढून मागे जाणारा एक आधार राहील असे आधी ठरले होते. तो आधार रद्द करून पूर्ण तुकडा निघेल असे ठरल्यावर सांगाडा ताठ ठेवण्यासाठी दारांखालच्या पट्ट्या इतक्या उंच कराव्या लागल्या की आत बसताना आजही पाय उचलून टाकावा लागतो. टपाचे काम दुसऱ्या कुठल्या तरी भागाला करावेच लागते, आणि ते नकाशावर असतानाच ठरवावे लागते. या प्रकाराची सोय अशी की काढलेला तुकडा बहुधा गाडीतच, त्याच्यासाठी केलेल्या खाचांमध्ये, सोबत नेता येतो. मुंबईसाठी ही सोय लाखमोलाची आहे.

तिसरा प्रकार बटण दाबल्यावर घडी होऊन डिकीत जाणाऱ्या पत्र्याच्या टपाचा. १९९६ च्या मर्सिडीज एसएलकेने तो पुन्हा रूढ केला आणि २००९ ची बीएमडब्ल्यू झेड४ भारतातही विकली गेली. इथे पाऊस ही अडचण नाही, जागा ही आहे. त्या झेड४ ची डिकी टप बंद असताना ३१० लिटरची आणि उघडा असताना १८० लिटरची होते, म्हणजे अलिबागला दोन दिवस जायचे तर सामान की आभाळ यांतले एक निवडावे लागते. शिवाय घडी होताना डिकीचे झाकण मागच्या बाजूला कलत उघडते. आपल्याकडे सिग्नलला दुचाकीचे पुढचे चाक बंपरला टेकलेले असते, तेव्हा आरशात नीट पाहिल्याखेरीज बटणाला हात लावू नये. स्टॅक पार्किंगमध्ये आणि बुटक्या तळघरात तर टप उघडूच नये, कारण अर्ध्या वाटेवर तो गाडीच्या नेहमीच्या उंचीपेक्षा बराच वर जातो.

राहिला पक्का, वेल्डिंग केलेला टप. तो काढू नये. बुटांच्या खोक्याचे झाकण चिकटवलेले असताना ते पिळून पाहावे आणि मग झाकण काढून पिळावे. बंद गाडीचा टप कापल्यावर नेमके हेच होते. मुंबईच्या खड्ड्यांत एक चाक खाली आणि समोरच्या कोपऱ्यातले दुसरे वर अशी गाडी सतत पिळली जाते, आणि मग दारे अडकू लागतात, पुढच्या काचेला तडा जातो, डॅशबोर्ड थरथरतो. अपघातात बाजूने उघडणाऱ्या पडदा एअरबॅगा टपाच्या कडेतच घडी करून बसवलेल्या असतात, त्याही पत्र्याबरोबर जातात. ‘साहेब, कापून खाली लोखंडी पट्टी मारून देतो, काही होत नाही’ असे सांगणारा कारागीर वेल्डिंगमध्ये कितीही तरबेज असला, तरी गाडी उलटल्यावर पुढच्या काचेची चौकट किती वजन पेलेल हे त्याने कधी मोजलेले नसते.

कायद्याचेही उत्तर तेच आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थच कायम केला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए नुसार अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. कारखान्याने निघण्यासाठीच बनवलेला टप काढणे ही वेगळी गोष्ट आहे. तरीही नाकाबंदीतल्या हवालदाराला ते समजावून सांगावे लागू शकते, म्हणून मालकाची पुस्तिका गाडीत ठेवावी आणि संबंधित पानावर खूण करून ठेवावी.

काढलेला टप ठेवायचा कुठे

परदेशी मार्गदर्शिका इथे गॅरेजच्या छताला कप्पी लावून टप वर खेचून ठेवण्याचा सल्ला देतात. आपल्या सोसायटीत पार्किंगचे छत आपले नसते, आणि सेक्रेटरीची परवानगी मिळण्याआधी गाडी विकायची वेळ येते. एमएक्स-५ च्या जुन्या पिढ्यांचा हार्डटॉप साधारण वीस किलोचाच असतो, पण त्याचा आकार अडनिडा असतो, त्यामुळे तो लिफ्टमध्ये मावतो का आणि घराच्या दारातून आडवा किंवा तिरका आत येतो का, हे टेपने मोजून मगच बोल्टांना हात घालावा. जिन्यात किंवा लॉबीत ठेवू नये. आग लागल्यास सुटकेची वाट तीच असते. टप उभा ठेवायचा तर मागच्या काचेवर भार येणार नाही असा लाकडी घोडा करून घ्यावा, खाली जुनी गोधडी घालावी आणि पट्ट्याने बांधावा. आडवा ठेवायचा तर ज्या कडांवर तो गाडीवर टेकतो त्याच कडांवर टेकवावा, पण रबर दबून राहणार नाही हे पाहावे. यातले काहीच जमणार नसेल, तर टप गाडीवरच राहू द्यावा हे उत्तम.

काढताना

गाडी सपाट जागी उभी करावी. एक चाक फुटपाथवर चढलेले असेल तर सांगाडा किंचित पिळलेला राहतो आणि कड्या सहजी सुटत नाहीत. मग त्या हातोडीने सोडवण्याचा मोह होतो. दोन्ही काचा खाली घ्याव्यात. मागच्या काचेला दव घालवणारी तार असेल तर तिचा प्लग आधी सोडवावा, कारण बहुतेक तुटफूट इथेच होते: टप उचलला जातो, तार ताणली जाते आणि पिन वाकते. मग पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने बाजूचे बोल्ट आणि पुढच्या कड्या सोडवाव्यात. दोन्ही बाजूंना एकेक माणूस हवा आणि दोघांनी अंगठ्या, घड्याळे काढून ठेवलेली असावीत. टप सरळ वर उचलावा, मागे ओढू नये. ओढल्यास पुढचे रबर काचेच्या चौकटीला घासून फाटते. निघालेले बोल्ट डब्यात घालून डबा टपाबरोबरच ठेवावा. कड्या अर्धवट लावून ‘इथल्या इथे’ जाण्याची सवय मात्र कुणी लावून घेऊ नये. खालून शिरलेली हवा टप उचलते आणि तो मागच्या दुचाकीस्वारावर जातो.

कधी आणि कोणत्या रस्त्याने

जून ते सप्टेंबर हा काळ चर्चेतूनच वगळावा, कारण या चार महिन्यांत सांताक्रूझला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ऑक्टोबरमध्ये सकाळ लख्ख असली तरी परतीचा पाऊस दुपारी गडगडत येतो. मार्च ते मे या काळात सूर्य इतका डोक्यावर असतो की काळ्या चामड्याची सीट तासाभरात बसण्यालायक राहत नाही. उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने, आणि दुर्दैवाने मुंबईची हवा सर्वांत वाईट असते तीही याच महिन्यांत. पहाटे गारवा असतो, रस्ते रिकामे असतात, म्हणून पहाटच सुचते. पण थंडीत धूर आणि धूळ जमिनीलगत साठून राहतात आणि समुद्रावरचे वारे दुपारकडे सुटते. माझे मत असे की आधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अॅपवर जवळच्या केंद्राचा हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक पाहावा आणि तो २०० च्या वर, म्हणजे ‘खराब’ वर्गात असेल तर टप काढू नये, मग सकाळ कितीही सुंदर असो. चांगल्या दिवशी दुपारी चारनंतरची वेळ उत्तम.

काही दिवस मात्र पंचांग पाहून टाळावेत. संक्रांतीच्या आसपास मांजा रस्त्यावर आडवा येतो आणि उघड्या गाडीत तो थेट गळ्याशी पोचतो. होळीच्या आधीचा आठवडा पाण्याच्या फुग्यांचा. आणि बाराही महिने बसच्या खिडकीखाली थांबू नये. पान खाणाऱ्याला खाली कुणाची गाडी आहे हे पाहण्याची सवय नसते.

रस्त्यांमध्ये कोस्टल रोड आणि मरीन ड्राइव्ह ही जोडी सर्वांत चांगली. मार्च २०२४ मध्ये खुल्या झालेल्या कोस्टल रोडवर ८० ची वेगमर्यादा आहे, आणि उघड्या गाडीला त्याहून जास्त वेग सुखाचा नसतोच. प्रियदर्शिनी पार्क ते गिरगाव चौपाटी या सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्यात मर्यादा ६० ची आहे. तिथे आवाज भिंतींवरून परत येतो आणि धूर कोंडतो, त्यामुळे त्या टापूत फार आनंद मिळत नाही. अटल सेतूवर १०० पर्यंत परवानगी असली तरी बाजूचा वारा जोरदार असतो. घोडबंदर रोड, मेट्रोची कामे सुरू असलेले पट्टे आणि डंपरांची वर्दळ असलेले रस्ते वगळावेत. डंपरमधून उडालेली खडी बंद गाडीत काचेवर टिचकी मारते, उघड्या गाडीत ती कपाळावर बसते.

चालवताना

बाजूच्या काचा वर ठेवाव्यात आणि सीटच्या मागे जाळीचा वारारोधक लावावा, कारण उघड्या गाडीत त्रासदायक वारा समोरून नव्हे तर काचेवरून वळून मागून येतो. महामार्गाच्या वेगाला वारा आणि रहदारी यांचा एकत्रित आवाज ८५ डेसिबलच्या पुढे सहज जातो. ही पातळी रोज आठ तासांपर्यंतच सुरक्षित मानली जाते आणि आवाज त्यापुढे गेला की ही मुदत घटते, त्यामुळे पुण्यापर्यंत टप काढून जाण्यात मला शहाणपण दिसत नाही. ओढणी, उपरणे, लांब स्कार्फ गाठ मारून आत खोचावेत. नर्तकी इझाडोरा डंकन १९२७ मध्ये नीस शहरात उघड्या गाडीच्या मागच्या चाकात स्कार्फ अडकूनच मृत्यू पावली. सीटबेल्ट बंद गाडीत जितका हवा त्याहून इथे अधिक हवा, कारण गाडी उलटली तर आत धरून ठेवणारे दुसरे काहीही नसते. सीटच्या मागे उलटल्यावर आधार देणारी कमान आहे का, हेही पाहावे. जुन्या पॅगोडासारख्या गाड्यांत ती नसते, तेव्हा त्या गाड्या टप काढून वेगवान रस्त्यांवर नेऊच नयेत. फोटोसाठी सीटवर उभे राहणाऱ्या पाहुण्यांना गाडी सुरू होण्यापूर्वीच खाली बसवावे.

उभी करताना बिनपहाऱ्याच्या जागा टाळाव्यात आणि गुलमोहर, वर्षावृक्ष यांच्या सावलीचा मोह आवरावा. त्या सावलीत कावळे आणि कबुतरेही असतात. मौल्यवान वस्तू कुलूपबंद डिकीत ठेवावी. घरी ठेवलेल्या टपाची चोरी किंवा मोडतोड विम्यात येते का, हे विमा कंपनीला लेखी विचारून उत्तर जपून ठेवावे.

परत बसवताना

खाऱ्या हवेची पुटे रबरावर आणि प्लगच्या पिनांवर बसतात, म्हणून टप बसवण्यापूर्वी दोन्ही ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावेत आणि रबराला सिलिकॉनचे वंगण लावावे. साधे ग्रीस रबर फुगवते. सर्व बोल्ट आधी हाताने बसवून मग आळीपाळीने आवळावेत. मेअखेरीस, मान्सून येण्याआधी, एकाला आत बसवून बाहेरून बादलीने पाणी ओतून पाहावे, आधी खालच्या सांध्यांवर आणि मग वरच्या, म्हणजे गळती नेमकी कुठली ते कळते. गालिचाखाली हात घालून ओल तपासावी, कारण बऱ्याच गाड्यांत वायरिंगचे जोड सीटखालीच असतात आणि तिथली ओल वर दिसायला आठवडे लागतात.