पीएचडी करताय? या चुकांपायी प्रबंध अडतो

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी एक मुलगी आमच्या संशोधन केंद्रात आली. मराठी विषय, साडेचार वर्षं झालेली, प्रबंध टाइप होऊन तयार. विद्यापीठात फाइल देण्याआधी तिने बाहेरच कुणाकडून तरी वाङ्मयचौर्याची तपासणी करून घेतली होती. "सर, झीरो आलंय!" रिपोर्ट तिने माझ्या टेबलावर असा ठेवला, जणू पेढेच.

मी फाइल उघडली, एक ओळ कॉपी केली आणि नोटपॅडमध्ये चिकटवली. तिथे मराठीचं एक अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, असा नुसता पालापाचोळा. टायपिंगवाल्या काकांनी सगळा प्रबंध जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये बसवला होता. या फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण आत साठवलेलं असतं भलतंच चिन्ह. सॉफ्टवेअरने तीनशे पानं चाळली, त्याला काही कळलं नाही आणि कशाशी काही जुळलं नाही, म्हणून शून्य.

तिच्या प्रबंधात खोट नव्हती. चांगलं काम होतं, मी वाचलंय. पण तिचे पुढचे तीन महिने फक्त अक्षरं दुरुस्त करण्यात गेले. इतकी वर्षं या टेबलावर बसून मी हेच बघत आलोय. मुलं प्रवेश परीक्षा आणि मुलाखत पार करून आलेली असतात, विषय त्यांना येतो. अडतात ती टायपिंग, टिपणं, पानक्रमांक, सरांशी बोलणं असल्या कामांत. ही कामं कुणी शिकवत नाही आणि 'शेवटी बघू' म्हणून ती मागे पडतात.

कोर्सवर्क झालं, आता शिकायचं काय राहिलं?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीचं कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचा वर्गातला अभ्यासक्रम, किमान १२ आणि कमाल १६ क्रेडिटचं असतं. त्यात संशोधन आणि प्रकाशनाच्या नीतिमत्तेचा पेपर धरलेला आहे, आणि पुढे सरकायला ५५ टक्के गुण लागतात. हे सगळं सुरुवातीलाच आटोपतं. म्हणजे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर शिकवलं जातं पहिल्या वर्षी आणि तुमचा डेटा हातात येतो तिसऱ्या वर्षी. तोवर कुठला मेनू कुठे होता हेही आठवत नाही.

कार्यशाळांची तीच तऱ्हा. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, दोन तास स्वागत, मग साधनव्यक्तींच्या सव्वाशे स्लाइड आणि शेवटी प्रमाणपत्र. माझ्याकडेही अशा प्रमाणपत्रांची एक जाडजूड फाइल आहे. त्यातल्या किती गोष्टी मी नंतर वापरल्या हे विचारू नका.

मी मुलांना सांगतो की जे कौशल्य पुढच्या महिन्यात लागणार आहे तेच या महिन्यात शिका, आणि स्वतःच्या कामावर शिका. पहिल्या सहा महिन्यांत टायपिंग, टिपणांची पद्धत आणि संदर्भांचं सॉफ्टवेअर एवढं पुरे. क्षेत्रकार्याच्या आधी प्रश्नावली, आणि ती दहा जणांवर वापरून बघायचीच. एकीच्या प्रश्नावलीत प्रश्न होता, 'घरातले निर्णय कोण घेतं?' तिने दहा घरांत विचारला आणि दहाही बायकांनी सांगितलं, 'दोघं मिळून.' कारण दहाही घरांत नवरा शेजारीच खुर्ची ओढून बसलेला. मग प्रश्न बदलला: मागच्या महिन्यात घरात सगळ्यात मोठी खरेदी कोणती झाली, दुकानात कोण गेलं, पैसे कुणी मोजले? नवरा तिथेच होता, पण उत्तरं वेगळी यायला लागली. हीच गोष्ट तीनशे फॉर्म भरून झाल्यावर कळली असती तर?

आणखी एक. प्रश्नावली करण्याआधी प्रबंधात येणारे तक्ते कोरे आखून बघा. ज्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच तक्त्यात बसत नाही, तो प्रश्न काढून टाका. फॉर्म निम्मा होतो, आणि लोकही वैतागत नाहीत.

इतिहासवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. पेशवाईवर काम करायचं म्हणून पुणे पुराभिलेखागारात जाणारा विद्यार्थी मोडी 'नंतर शिकू' म्हणतो, तेव्हा मला काळजी वाटते. पेशवे दफ्तरातले बहुतेक कागद मोडीत आहेत. वर्गात अक्षरओळख काही आठवड्यांत होते. पण एखाद्या कारकुनाचं, लेखणी न उचलता ओढलेलं धावतं अक्षर लागायला महिनेच्या महिने जातात. छापील पुस्तकातला मोडीचा तक्ता आणि खरा कागद यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. म्हणून विषय नक्की झाला त्याच आठवड्यात मोडी सुरू करा आणि रोज एक कागद वाचा. लागला नाही तरी वाचा.

मराठीत प्रबंध, पण फॉन्ट कोणता?

वरच्या मुलीची गोष्ट मी इतकी लांबवली, कारण मराठीत लिहिणाऱ्या निम्म्या लोकांचं घोडं इथेच पेंड खातं. प्रबंध पहिल्या पानापासून युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) हवा, आणि शक्यतो स्वतः टाइप केलेला हवा. इनस्क्रिप्ट कीबोर्ड (भारतीय भाषांसाठीची प्रमाण कळरचना) बोटांत बसायला रोज अर्धा तास दिला तर महिना पुरतो. ते नकोच असेल तर फोनेटिक वापरा (इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप केला की मराठी उमटतं), मोबाइलवर बोलून टाइप करा आणि नंतर शुद्धलेखन तपासा. पण प्रकरण हाताने लिहून टायपिंगवाल्याला द्यायचं, हे आता नको. दुरुस्तीला दर वेळी त्यांच्या दुकानात जावं लागतं, आणि त्यांच्याकडे लग्नसराईत पत्रिकांचीच गर्दी असते.

जुन्या फॉन्टमधला मजकूर बदलून घ्यावाच लागला, तर तीन जागी डोळ्यात तेल घालून बघा. पहिली जागा रफाराची. 'धर्म'चं 'धमर्' होतं, 'मार्च'चं 'माचर्'. दुसरी जागा पहिल्या वेलांटीची. ती जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टाइप झालेली असते, त्यामुळे बदलताना शेजारच्या अक्षरावर जाऊन बसू शकते. तिसरी जागा 'ॲ'ची. हे अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं, एकसंध 'ॲ' किंवा 'अ'वर चंद्र देऊन 'अॅ'. आपल्या डोळ्यांना दोन्ही सारखीच, संगणकाला मात्र दोन वेगळी. मग 'ॲड.' शोधलं की निम्मे वकील सापडतच नाहीत, आणि सूचीत एकाच आडनावाची माणसं दोन ठिकाणी विखुरतात. एकच रूप ठरवा आणि 'शोधा-बदला' करून सगळीकडे तेच ठेवा.

फाइल देण्याआधी नोटपॅडची चाचणी करा. पीडीएफमधून एक परिच्छेद उचला आणि चिकटवा. वाचता येतोय का? तीस सेकंदांचं काम आहे.

आता तपासणीच्या आकड्यांबद्दल. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत पायऱ्या स्पष्ट आहेत. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांत सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांत वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. नीट संदर्भ दिलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश हे यातून वगळतात. म्हणून घाबरून अवतरणचिन्हं काढून वाक्यं फिरवत बसू नका. अनेक जण नेमकं हेच करतात, आणि वगळला गेला असता तो मजकूर मोजणीत येतो. शब्द बदलून दुसऱ्याचा विचार आपला म्हणून मांडला तर ती चोरीच, मग सॉफ्टवेअरला सापडो वा न सापडो.

टिपण आहे, पान नाही

ही चूक माझी स्वतःची. माझ्या प्रबंधात एका जुन्या मासिकातलं सात ओळींचं अवतरण होतं. वहीत मजकूर व्यवस्थित उतरवलेला, मासिकाचं नाव, वर्ष, सगळं. पानक्रमांक मात्र नाही. त्या एका आकड्यासाठी मी पहाटेची एसटी धरून दुसऱ्या गावच्या ग्रंथालयात गेलो. पोचलो तर तो खंड बाइंडिंगला गेलेला. आठ दिवसांनी पुन्हा गेलो. पान होतं ४१. अजून विसरलेलो नाही.

तेव्हापासून आधी पान लिहितो आणि मग मजकूर. मोबाइलने फोटो काढत असाल तर त्या पानाच्या आधी पुस्तकाच्या शीर्षकपानाचा फोटो घ्या, नाहीतर महिन्याभराने गॅलरीत चारशे अनाथ पानं पडलेली असतात. दुसऱ्याचे शब्द, आपला सारांश आणि आपलं मत यांना टिपणातच वेगवेगळ्या खुणा करा. दोन वर्षांनी स्वतःच्या वहीतलं वाक्य वाचताना ते आपलं की मूळ लेखकाचं, हे खरंच कळत नाही. बरीचशी 'चोरी' इथेच जन्माला येते.

झोटेरो हे संदर्भ साठवून सूची करून देणारं सॉफ्टवेअर मोफत आहे, ते वापरा. मराठी नोंद करताना आडनाव त्याच्याच रकान्यात भरा. सॉफ्टवेअरची भाषा इंग्रजी राहिली तर मराठी सूचीत दोन लेखकांच्या मध्ये इंग्रजी 'अँड' उगवतं, ते शेवटी हाताने बदलावं लागतं. आणि चॅटबॉटला 'या विषयावरचे संदर्भ दे' म्हणून विचारलं असेल, तर त्याने दिलेलं प्रत्येक पुस्तक ग्रंथालयाच्या यादीत शोधा. नसलेली पुस्तकं तो ऐटीत सांगतो, प्रकाशकासकट.

"सर, पुढे काय करू?"

हा प्रश्न घेऊन गाईडकडे जाऊ नका. प्राध्यापक असलेल्या गाईडकडे एका वेळी आठ विद्यार्थी असू शकतात. तुमचं प्रकरण कुठवर आलंय हे त्यांच्या डोक्यात नसतं, आणि नसणारच. 'प्रकरण तीनची मांडणी कालक्रमाने करू की विषयवार? विषयवार केली तर ही अडचण येते' असं विचारलंत तर पाच मिनिटांत उत्तर मिळतं. बाहेर आल्यावर त्याच दिवशी चार ओळींची ईमेल टाका: आज हे ठरलं, पुढच्या भेटीपर्यंत मी हे देतो. सरांना आगाऊपणा वाटेल असं मुलांना वाटतं. 'विसरायला नको म्हणून लिहून ठेवतोय सर' एवढं वर घातलं की कुणाला काही वाटत नाही. सहा महिन्यांनी 'मी असं म्हटलंच नव्हतं' ऐकायची वेळ आली, तर हीच ईमेल कामाला येते.

गाईडच्या बँकेच्या खेपा, पेपर तपासणीची बेरीज, गॅस सिलेंडर... यावर किती लिहावं? नियमात आठवड्याला चार ते सहा तास अध्यापनाचं किंवा संशोधन साहाय्याचं काम देण्याची मुभा आहे. सिलेंडर त्यात बसत नाही. तोंडावर नाही म्हणता येत नसेल तर संशोधन सल्लागार समिती आहे. तिच्यापुढे दर सत्रात प्रगती मांडायची असते. बहुतेक जण तिथे दहा गुळगुळीत स्लाइड दाखवून सुटका करून घेतात. अडचण लेखी मांडायची जागाही तीच आहे. ग्रंथालयात अमुक साधन नाही, गाईडकडे प्रकरण चार महिने पडून आहे, हे अहवालात सौम्य शब्दांत पण तारखांसकट लिहा.

तीन दिवसांत लेख छापून देतो

२०१६ च्या नियमांत प्रबंधाआधी एक शोधनिबंध सक्तीचा होता. २०२२ मध्ये आयोगाने ती अट काढली. तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली आहे का, ते आधी बघा. नसेल तर कसलीच घाई नाही. तरी व्हॉट्सॲपवर जाहिरात येते आणि मुलं पैसे भरून मोकळी होतात. आयएसएसएन असणं म्हणजे दर्जा नव्हे, तो केवळ नियतकालिकाचा ओळखक्रमांक आहे. खरा इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकातल्या लेखांचा इतर संशोधक सरासरी किती वेळा दाखला देतात, याचा आकडा) क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते, इतरांचे बहुतेक घरगुती. आयोगाची दर्जेदार नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा 'केअर लिस्टेड' हा शिक्का दाखवून आज कुणी पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. संपादक मंडळातल्या एकाला ईमेल करून विचारा, 'आपण खरंच या मंडळावर आहात का?' उत्तर ऐकण्यासारखं असतं.

मुदतीचं गणित

किमान तीन वर्षं, कमाल सहा, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन. शिवाय महिलांना प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. हे माहीत नसल्यामुळे बाळंतपणानंतर नोंदणी सोडून दिलेल्या दोघी मला ठाऊक आहेत. फेलोशिप असेल तर हजेरी आणि अहवालाच्या तारखा भिंतीवर लावा, आणि रक्कम दर महिन्याच्या एक तारखेला येईलच असं धरून खोलीचं भाडं ठरवू नका.

एकट्याने रेटत राहू नका. दर शनिवारी एका मित्राला पाच पानं द्यायची आणि त्याची पाच घ्यायची, विषय वेगळा असला तरी चालेल. झोप उडाली असेल, महिनोन्‌महिने फाइल उघडवत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.

ती मुलगी जानेवारीत पुन्हा आली. या वेळी रिपोर्टवर शून्य नव्हतं, सहा टक्के होतं, आणि त्यातले बरेचसे तिच्याच एका छापून आलेल्या लेखाशी जुळलेले. त्या लेखाचा उल्लेख तिने प्रस्तावनेत केलेला होता. पेढे मात्र अजून आणले नव्हते. "सर, आधी एक सांगा," ती लॅपटॉप माझ्याकडे वळवत म्हणाली, "इनस्क्रिप्टमध्ये 'ऱ्हास'मधला 'ऱ्ह' कुठून काढायचा?"