ग्रुपचं बिऱ्हाड दुसऱ्या ॲपवर हलवताना

दहा जणांचा ग्रुप व्हॉट्सॲपवरून सिग्नल या मेसेजिंग ॲपवर न्यायचाय. दर दहा माणसांमागे आठ जणांकडे सिग्नल आहे असं धरू. प्रत्यक्षात इतके क्वचितच असतात, पण धरू. मग दहाच्या दहा जणांकडे ते असण्याची शक्यता किती? ०.८ चा दहावा घात काढा, उत्तर येतं जेमतेम ११ टक्के. ग्रुप वीस जणांचा असेल तर एक टक्का. आता शंभरातल्या नव्व्याण्णव जणांकडे असलेलं ॲप घ्या, वीस जणांचा ग्रुप तिथे ८२ टक्के वेळा आयता जमतो. ‘बऱ्याच जणांकडे आहे’ आणि ‘सगळ्यांकडे आहे’ यांत एवढी मोठी दरी असते, आणि एकच ॲप सगळीकडे ठाण मांडून बसतं ते याच दरीमुळे. ते चांगलं की वाईट, हा प्रश्न तिथे फारसा उरत नाही. ॲप एकटा माणूस निवडत नाही, ग्रुप निवडतो, आणि ग्रुपमध्ये सगळ्यात मागे असलेल्या माणसाच्या फोनवर जे चालतं तेच ठरतं.

या हिशेबात एक गफलत आहे आणि ती तुमच्या फायद्याची आहे. त्यात प्रत्येक माणूस सुटा धरलाय. खरी माणसं घोळक्याने राहतात. एकाच टोळक्यातले सहा जण रोज एकमेकांशीच बोलत असतील तर ते सहाही एका संध्याकाळी हलू शकतात, बाकी जगाने काय वापरायचं ते वापरावं. त्यामुळे दोनशे जणांच्या ग्रुपला पहिला हात लावू नका. चार ते आठ जणांचा, रोज बोलणारा, एकमेकांना प्रत्यक्ष ओळखणारा ग्रुप शोधा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, ग्रुपचं नसतं. ते खोली-खोलीनेच हलवावं लागतं.

आधी सगळ्यात जुना फोन

व्हॉट्सॲप २००९ मध्ये आलं तेव्हा त्याने दोन गोष्टी अचूक साधल्या. यूजरनेम-पासवर्डची भानगड ठेवली नाही, फोन नंबर हीच ओळख आणि फोनमधली संपर्कयादी हीच मित्रयादी. शिवाय ते आयफोन-अँड्रॉइडवर थांबलं नाही, नोकिया आणि ब्लॅकबेरीवरही चाललं. जिथे एसएमएसला दर मेसेजमागे पैसे पडत होते तिथे ते वणव्यासारखं पसरलं. अमेरिकेत एसएमएस बहुतेक प्लॅनमध्येच मिळत होता, त्यामुळे तिथे ही घाई नव्हती. तिथे २०११ मध्ये आलेलं ॲपलचं आयमेसेज एसएमएसच्याच खिडकीत बसलं आणि वेगळं ॲप टाकायची वेळच आली नाही. याच्या उलट ब्लॅकबेरी मेसेंजर. ते २००५ मध्ये आलं आणि ऑक्टोबर २०१३ पर्यंत फक्त ब्लॅकबेरीवरच राहिलं. अँड्रॉइड आणि आयफोनवर आलं तोवर लोक दुसरीकडे नांदायला लागले होते. २०१९ मध्ये सर्वसामान्यांसाठीची ती सेवा बंद झाली.

म्हणून ॲपची तुलना करत बसण्याआधी ग्रुपमधला सगळ्यात जुना फोन कुणाकडे आहे ते विचारा. त्या फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून अँड्रॉइडची आवृत्ती बघा आणि नवं ॲप पहिल्यांदा तिथेच टाका, शक्यतो शेजारी बसून. तिथे चाललं तर बाकीच्यांकडे चालतंच. अडचण बहुधा तीनपैकी एका ठिकाणी येते.

जागा संपलेली असते. यावर इलाज सोपा आहे, जुन्या ॲपमधले फॉरवर्ड व्हिडिओ काढून टाका.

ओटीपी येत नाही, कारण ज्या नंबरवर जुनं ॲप चालतंय ते सिम कधीच फोनमधून काढलेलं असतं. एकदा नोंदणी झाली की ॲप बरेचदा सिमशिवायही चालत राहतं, त्यामुळे मालकाला याचा पत्ताच नसतो. नवं ॲप सध्या चालू असलेल्या नंबरवर घ्या आणि बाकीच्यांना तो नंबर सेव्ह करायला सांगा.

तिसरी अडचण सगळ्यात घातक, कारण ती दिसत नाही. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी कमी वापरातली ॲप्स झोपवतात. जुनं ॲप दिवसातून पन्नास वेळा उघडलं जातं म्हणून ते जागं राहतं, नवं झोपतं. मेसेज दोन तासांनी एकदम येतात आणि माणूस म्हणतो, “हे ॲप चालत नाही बुवा.” स्थलांतरं फसतात त्यातली निम्मी तरी इथेच फसत असावीत. सेटिंग्ज, ॲप्स, त्या ॲपचं नाव, बॅटरी असं जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. नावं फोनच्या कंपनीप्रमाणे थोडी बदलतात. आयफोनवर नोटिफिकेशनची परवानगी दिली आहे ना, एवढं बघा. मग फोन लॉक करून अर्धा तास बाजूला ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून मेसेज पाठवा. लगेच वाजला तरच काम झालं असं समजा.

सिग्नल टाकताना पिन विचारतो. तो चार आकड्यांचा चालतो, पण ‘रजिस्ट्रेशन लॉक’ चालू करून पिन विसरलात तर सात दिवस बाहेर बसावं लागतं. ग्रुपमधल्या विसराळू मंडळींसाठी तो लॉक सुरुवातीला बंदच ठेवलेला बरा.

जुनं सामान

जुन्या गप्पा नव्या घरात आपोआप येत नाहीत. व्हॉट्सॲपमध्ये ग्रुप उघडा, वरचे तीन ठिपके, ‘मोअर’, ‘एक्सपोर्ट चॅट’. फोटो-व्हिडिओंसकट घेतलंत तर शेवटचे साधारण १०,००० मेसेज येतात, नुसता मजकूर घेतलात तर ४०,०००. हातात पडते ती साधी टेक्स्ट फाइल: तारीख, वेळ, नाव, मजकूर. पर्यायच दिसत नसेल किंवा चालत नसेल तर ग्रुपमध्ये ‘ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ चालू आहे का ते बघा. २०२५ मध्ये आलेली ही सोय एक्सपोर्ट अडवते.

ही फाइल टेलिग्राम आत घेतं, ही सोय त्यात जानेवारी २०२१ पासून आहे. सिग्नल घेत नाही. पण टेलिग्रामच्या साध्या गप्पा आणि सगळे ग्रुप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे बोलणारे सोडून कंपनीलाही वाचता येणार नाहीत असे, नसतात, ती सोय फक्त दोघांमधल्या ‘सीक्रेट चॅट’ला आहे. म्हणजे तुम्ही जुना ग्रुप टेलिग्राममध्ये आयात केलात की बाकी नऊ जणांचं इतक्या वर्षांचं बोलणं त्यांच्या सर्व्हरवर जाऊन बसतं. त्यांना विचारल्याशिवाय हे करू नका. बहुतेक ग्रुपांना जुन्या गप्पा लागतही नाहीत, लागतात ते फोटो आणि दोन-चार कागदपत्रं. ती वेगळी काढून नव्या ग्रुपवर टाका आणि मोकळे व्हा.

आयफोन सोडून अँड्रॉइड घेणारा कुणी असेल तर त्याने सिम काढण्याआधी जुन्या फोनमधलं आयमेसेज बंद करायला हवं. नाही केलं तर बाकीच्या आयफोनवाल्यांचे मेसेज त्याच्या नंबरवर आयमेसेज म्हणूनच जात राहतात आणि नव्या फोनवर पोचत नाहीत. जुना फोन हाताशी नसेल तर ॲपलच्या संकेतस्थळावर नंबरची नोंद काढून टाकता येते.

प्रत्यक्ष हलवाहलव

तारीख ठरवा आणि दोन्ही ग्रुप एकाच वेळी चालू ठेवायचा मोह आवरा. दोन्हीकडे तोच मेसेज टाकला की नव्याकडे जायला कुणालाच कारण उरत नाही, आणि माणूस जिथे फोन वाजतो तिथेच उत्तर देतो. आठवड्याभरात नवा ग्रुप ओसाड पडतो. त्यापेक्षा एखादी हवीहवीशी गोष्ट फक्त नव्या जागी ठेवा. आठवड्याचं वेळापत्रक असेल, मुलांचे फोटो असतील, कालच्या खेळाचा निकाल असेल.

जुना ग्रुप उडवू नका. ग्रुपच्या सेटिंग्जमध्ये फक्त ॲडमिनना मेसेज पाठवता येतील असं करा, वर्णनात नव्या ग्रुपची लिंक टाका आणि महिनाभर तसाच राहू द्या. उशिरा जागे होणारे तिथून येतात. लिंक ज्याच्या हाती पडेल तो आत शिरू शकतो, म्हणून सिग्नलमध्ये लिंकवरून येणाऱ्यांना ॲडमिनची मंजुरी लागेल असं ठेवा आणि सगळे आले की लिंक बदला. अनोळखी लोकांचा ग्रुप असेल तर सिग्नलचा एक फायदा आहे: २०२४ पासून तिथे यूजरनेम घेता येतं आणि आपला नंबर लपवता येतो. नोंदणीला मात्र नंबर लागतोच.

पण एका ॲपवरून दुसऱ्यावर मेसेज का जात नाही?

ईमेल जातो, एसएमएस जातो, मग हेच का अडतं? एकेकाळी जातही होतं. १९९९ च्या जॅबर या मेसेजिंग प्रकल्पातून एक्सएमपीपी हे खुलं मानक निघालं. २००५ मध्ये आलेलं गुगल टॉक त्यावरच चालायचं आणि पुढच्याच वर्षी ते बाहेरच्या सर्व्हरांशीही बोलायला लागलं. २०१३ मध्ये त्याची जागा घ्यायला हँगआउट्स आलं, त्यात ही सोयच ठेवली नाही. ज्याच्याकडे माणसं आधीच आहेत त्याला दार उघडून मिळवायचं काही नसतं, गमवायचं मात्र असतं. लहान ॲपला दार उघडं हवं असतं, मोठं झालं की तेच कडी लावतं.

पैशापलीकडची एक खरी अडचणही आहे, ती कुलपांची. एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमध्ये प्रत्येक उपकरणाची वेगळी किल्ली असते. कुणी ग्रुप सोडला, कुणी लॅपटॉप जोडला की किल्ल्या बदलतात. दोन कंपन्यांमध्ये हे जमवायचं तर ‘ही किल्ली खरंच त्याच माणसाची’ याची हमी एकीने दुसरीला द्यावी लागते. ग्रुपमधल्या एन्क्रिप्शनसाठीचं एमएलएस हे मानक जुलै २०२३ मध्ये आलं, म्हणजे बहुतेक बडी ॲप्स आपापली पद्धत पक्की करून बसल्यानंतर. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्याने मार्च २०२४ पासून व्हॉट्सॲप आणि फेसबुकच्या मेसेंजरवर इतरांशी जोडून घेण्याची सक्ती आली. आधी दोघांमधले मेसेज, मग ग्रुप, शेवटी कॉल असे टप्पे आहेत. व्हॉट्सॲपला जोडली गेलेली पहिली दोन ॲप्स, बर्डीचॅट आणि हायकेट, नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाली. हे सगळं युरोपापुरतं, आणि तिथेही वापरणाऱ्याने स्वतः चालू केलं तरच.

तोवर हातात दोन मार्ग आहेत.

एक, एसएमएस आणि त्याचा वारस आरसीएस. एसएमएस कुठेही पोचतो, पण देवनागरीत त्याला धाप लागते. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत बहुतेक फोनवर ७०, आणि प्रत्येक काना-मात्रा, अनुस्वार, हलंत वेगळा मोजला जातो. ‘विद्यार्थी’ हा एक शब्द दहा जागा खातो. म्हणजे मधल्या मोकळ्या जागा धरून एका एसएमएसमध्ये हा शब्द सहा वेळाच बसतो. मजकूर लांबला की तुकडे पडतात आणि दर तुकड्यात ६७ च जागा उरतात, कारण जोडणीची माहितीही त्यातच जाते. आरसीएसमध्ये ही मर्यादा नाही, फोटोही स्वच्छ जातात. अँड्रॉइडवर गुगल मेसेजेसच्या सेटिंग्जमध्ये ‘आरसीएस चॅट्स’ चालू करा आणि खाली ‘कनेक्टेड’ येईपर्यंत मोबाइल डेटा बंद करू नका. आयफोनवर आयओएस १८ पासून सेटिंग्ज, ॲप्स, मेसेजेस इथे ते सापडतं. पर्यायच दिसत नसेल तर तुमच्या मोबाइल कंपनीने तो अजून दिलेला नाही. आयओएस १८ सोबत आलेल्या आरसीएसमध्ये आयफोन आणि अँड्रॉइडमधले मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नव्हते. त्यासाठीचं मानक २०२५ मध्ये जाहीर झालं. तेव्हा खिडकीत कुलूप दिसल्याशिवाय गुपितं पाठवू नका.

दुसरा मार्ग ब्रिजचा. मॅट्रिक्ससारख्या खुल्या जाळ्याला व्हॉट्सॲप किंवा सिग्नल जोडणारे ब्रिज मिळतात, म्हणजे एकाच खिडकीत सगळ्या गप्पा. ब्रिज ‘लिंक्ड डिव्हाइस’ म्हणून बसतो. व्हॉट्सॲपवर अशी चार उपकरणं जोडता येतात आणि मूळ फोन चौदा दिवस उघडला नाही तर सगळी सुटतात. ‘ब्रिज बंद पडला’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं. पण ब्रिज मेसेज उघडतो आणि पुन्हा बंद करून पुढे देतो. तो ज्या सर्व्हरवर चालतो तिथे मजकूर क्षणभर उघडा असतो. तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवर, तुमच्यापुरता ठीक. दुसऱ्यांचं खासगी बोलणं त्यातून काढू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यात खातं बंद होण्याचा धोका आहेच. आयमेसेज अँड्रॉइडवर आणणारं बीपर मिनी डिसेंबर २०२३ मध्ये आलं आणि ॲपलने काही दिवसांतच त्याची वाट अडवली.

एक जण येतच नाही

दहातले नऊ आले आणि एक अडून बसला, तर त्याला नव्यात ओढण्यात महिना घालवू नका. त्याला फोन करायचं काम एकाने अंगावर घ्यावं. पण ग्रुप ज्या व्यक्तीसाठी आहे तीच अडून बसली असेल, घरातली सगळ्यात वडीलधारी मंडळी असतील, तर बेत सोडून द्या. ग्रुप तसाही त्यांच्यामागे परत जाणार आहे. त्यापेक्षा जुन्याच ॲपवर दोन सेटिंग्ज बदला. ग्रुपच्या माहितीत ‘डिसॲपिअरिंग मेसेजेस’ ९० दिवसांवर ठेवा. आणि प्रत्येकाच्या फोनवर सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथे जाऊन ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप’ चालू करा. तिथे पासवर्डऐवजी ६४ अंकी किल्ली निवडलीत तर ती कागदावर लिहून कपाटात ठेवा. फोन आणि किल्ली दोन्ही हरवले तर तो बॅकअप कंपनीलाही उघडता येत नाही.