परदेशातील लढतीची तयारी : सोलापूरच्या प्रशिक्षकांनी या चुका टाळाव्यात

बँकॉकमध्ये मुआय थायची (थायलंडच्या लाथा-ठोशांच्या खेळाची) लढत ठरली, की प्रशिक्षकाच्या मनात पहिला विचार सराव वाढवण्याचा येतो. सिद्धेश्वर तलावाच्या फेऱ्या वाढतात, पॅडवरचे राऊंड वाढतात आणि निघायच्या आदल्या आठवड्यापर्यंत स्पारिंग (जोडीदाराबरोबर सरावाची लढत) चालू राहते. माझा अनुभव मात्र असा आहे, की सराव कमी पडला म्हणून मुलगा हरल्याची उदाहरणे थोडी आहेत. वजन, प्रवास आणि कॉर्नर (राऊंडच्या मध्ये खेळाडूला सांभाळणारी माणसे) यांबाबत प्रशिक्षकाकडून घरीच ठरवायच्या राहिलेल्या गोष्टी त्याला जास्त महागात पडतात.

वजन शेवटच्या आठवड्यावर ढकलणे

आमच्या पहिल्या परदेशी लढतीच्या वेळी माझा शिष्य तालमीतल्या डिजिटल काट्यावर ५९.८ किलो भरला होता आणि आम्ही निश्चिंत होतो. तेथील अधिकृत काट्याने ६०.६ दाखवले. मर्यादा ६० किलोची होती. त्या सहाशे ग्रॅमसाठी तो अंगात दोन जॅकेट घालून हॉटेलच्या जिन्यावर चढ-उतार करत राहिला, आणि शेवटच्या फेरीला कठडा धरलेल्या हाताची थरथर पाहिल्यावर ही चूक माझी आहे, त्याची नाही, हे मला कळून चुकले. आता निघण्यापूर्वी मी वैधमापनाचा शिक्का असलेल्या काट्यावर मुलाचे वजन करतो, लगेच आमच्या काट्यावर करतो आणि दोन्हींतला फरक वहीत लिहून ठेवतो.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० किलो गटाच्या अंतिम फेरीपूर्वी विनेश फोगाट १०० ग्रॅम जास्त भरल्याने अपात्र ठरली, हे आपण सर्वांनी पाहिले. त्यातून धडा घ्यायचा तो रात्रभर घाम गाळण्याचा नव्हे, तर गट वेळेवर आणि विचारपूर्वक निवडण्याचा आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीतील तीन मल्ल झटपट वजन उतरवताना दगावले आणि त्यानंतर तेथील वजनाचे नियम बदलण्यात आले. शरीरातील पाणी कमी असताना डोक्यावर बसणारा फटका अधिक धोकादायक ठरू शकतो, म्हणून वजन आणि लढत यांत काही तासांचेच अंतर असेल, तर मी सरळ वरचा गट मागतो. वजन सहा-आठ आठवड्यांत, आठवड्याला साधारण अर्धा किलो या गतीने उतरावे.

येथे आपल्या खुराकाबद्दल एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी एरवी उत्तम असली, तरी ज्वारीतील तंतुमय भाग पोटात वजन धरून ठेवतो आणि चटणीतील मीठ पाणी धरून ठेवते. त्यामुळे वजनापूर्वीचे दोन-तीन दिवस मी मुलाला साध्या पांढऱ्या भातावर आणतो. बँकॉकमध्येही भातच मिळतो, त्यामुळे पोटाला नवे काही पचवावे लागत नाही. वजन झाल्यावर एकदम जेवणावर तुटून पडू न देता ओआरएस घोटाघोटाने द्यावे.

‘आम्हाला उन्हाची सवय आहे’ हा समज

एप्रिल-मे महिन्यांत चाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या शहरात वाढलेल्या मुलाला उष्णतेची भीती वाटत नाही. आपली उष्णता मात्र कोरडी असते, घाम वाळतो आणि अंग थंड होते. बँकॉकच्या दमट हवेत घाम अंगावरच राहतो, त्यामुळे तिसऱ्या राऊंडला मुलगा अनपेक्षितपणे दमतो. शरीर अशा हवेला रुळायला दहा ते चौदा दिवस घेते. तितके आधी जाणे परवडत नसेल, तर किमान तेथे पोहोचल्यावर दिवसभर एसी खोलीत बसून राहू नये.

घड्याळाचा फरक दीड तासाचाच आहे. तेथे रात्री आठची लढत म्हणजे आपले साडेसहा, म्हणून शेवटचे तीन आठवडे मुख्य सराव त्याच वेळी ठेवावा. थायलंडमधील पारंपरिक व्यावसायिक लढतीत तीन मिनिटांचे पाच राऊंड आणि मध्ये दोन मिनिटांची विश्रांती असते. एका मिनिटाच्या विश्रांतीची सवय झालेल्या मुलाला उरलेल्या मिनिटात काय करायचे हेच उमजत नाही. तो वेळही सरावात मोजून द्यावा.

औषधे आणि कागदपत्रे

कोणी दिलेले बिनलेबलचे चूर्ण किंवा ‘पाणी काढणारी’ गोळी मुलाला देऊ नये. लघवी वाढवणारी औषधे लढतीच्या काळातच नव्हे, तर एरवीही उत्तेजकविरोधी नियमांत बंद आहेत, आणि सर्दीच्या काही गोळ्यांतील घटकही स्पर्धेच्या वेळी अडचणीत आणतात. शरीरात सापडलेल्या पदार्थाची जबाबदारी खेळाडूवरच येते. रक्ततपासणीचे अहवाल किती दिवसांपर्यंतचे चालतात, हे संयोजकांकडून लेखी विचारून घ्यावे. पासपोर्टची मुदत मुलाचीच नव्हे, तर स्वतःचीही पाहावी.

कॉर्नरमध्ये तिघांनी बोलणे

मुलगा स्टुलावर बसतो तेव्हा त्याच्या कानात गर्दीचा आवाज आणि स्वतःचा श्वास भरलेला असतो. अशा वेळी एकाने पाणी पाजत, दुसऱ्याने बर्फ लावत, तिसऱ्याने खांदा हलवत एकाच वेळी सूचना दिल्या, तर त्यातील एकही पोहोचत नाही. आमच्याकडे पहिले काही क्षण कोणीही बोलत नाही. मग फक्त मी, दोन वाक्ये, तालमीतल्याच शब्दांत. ‘उजवी लाथ आली की आत शीर’ हे मराठीत सांगण्याचा आणखी एक फायदा असा, की समोरच्या कॉर्नरला त्यातले काहीच समजत नाही.

लढत थांबवायची खूण कोणती आहे, हे नियमांच्या बैठकीत विचारून घ्यावे आणि ती मी कधी देईन हे मुलाला व त्याच्या आईवडिलांना निघण्यापूर्वी स्पष्ट सांगावे. पाय जागेवरून हलेनासे झाले आणि हात डोक्यापर्यंत येईनासे झाले, की मी थांबवतो, मग गुण कितीही जवळचे असोत. पांढरा टॉवेल यासाठी मी डाव्या खांद्यावर वेगळा ठेवतो. घाम पुसायला दुसरा असतो.